अब्राहम काउलीचा 1668 चा समग्र ग्रंथ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अब्राहम काउली हे नाव मराठी वाचकाच्या कानावर पडते ते बहुधा इंग्रजी साहित्याच्या पदव्युत्तर वर्गात, आणि तेथेही दुसऱ्याच कोणाच्या तरी निमित्ताने. सॅम्युएल जॉन्सनने ज्याचे चरित्र लिहिताना ‘मेटाफिजिकल’ (म्हणजे दूरच्या गोष्टींची बौद्धिक जुळणी करणाऱ्या) कवींवर टीका केली तो कवी, एवढ्यावरच त्याची ओळख थांबते. ज्यांना जुन्या छापील पुस्तकांची ओढ आहे त्यांना मात्र तो वेगळ्या वाटेने भेटतो. 1668 साली लंडनमध्ये निघालेला त्याचा फोलिओ आकाराचा, म्हणजे ताव एकदाच दुमडून केलेल्या मोठ्या पानांचा, समग्र ग्रंथ लिलावांच्या याद्यांत आणि जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्यांकडे आजही दिसतो. त्याविषयी वाचक आणि संग्राहक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण या ग्रंथाची खरी गोष्ट जेथे दडली आहे तेथे हात आखडता घेणे मला योग्य वाटले नाही.

काउली कोण होता, आणि त्याला राजपक्षीय कवी का म्हणतात?

काउलीचा जन्म 1618 साली लंडनमध्ये झाला. वडील कागद-पुस्तकांचे व्यापारी होते, पण ते मुलाच्या जन्माआधीच वारले आणि आईनेच त्याला वाढवले. आई धार्मिक पुस्तकांपलीकडे काही वाचत नसे, तरी तिच्या बैठकीच्या खोलीत स्पेन्सरचे काव्यग्रंथ पडलेले असत. ते हाती लागले आणि वयाची बारा वर्षे पूर्ण होण्याआधीच ते वाचून संपवून आपण कायमचे कवी झालो, असे त्याने पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे. वेस्टमिन्स्टर शाळेत असतानाच, 1633 मध्ये, त्याचा पहिला संग्रह छापला गेला. तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता.

केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात त्याचे बस्तान बसत होते, तोच 1642 साली राजा पहिला चार्ल्स आणि पार्लमेंट यांच्यात यादवी युद्ध पेटले. पार्लमेंटच्या पक्षाने केंब्रिजमधून जी राजनिष्ठ माणसे काढून टाकली त्यांत काउली होता. तो राजाच्या छावणीचे ठाणे झालेल्या ऑक्सफर्डला गेला आणि तेथून राणी हेन्रिएटा मरियाच्या मागोमाग पॅरिसला. तेथे तो लॉर्ड जर्मिनचा चिटणीस होता, आणि राजा व राणी यांच्यातला सांकेतिक लिपीतला पत्रव्यवहार लिहिणे व उलगडणे हे त्याचे मुख्य काम होते. त्याचा मित्र आणि चरित्रकार टॉमस स्प्रॅट सांगतो की कित्येक वर्षे त्याचे सगळे दिवस आणि आठवड्यातल्या दोन-तीन रात्री या कामात जात. राजनिष्ठेच्या कविता रचणारे पुष्कळ होते, परंतु काउलीने त्या निष्ठेपायी आयुष्याची उमेदीची वर्षे खर्ची घातली. म्हणून ‘राजपक्षीय’ हे विशेषण त्याला नुसते शोभेचे नाही.

‘1668 चा समग्र ग्रंथ’ म्हणजे नेमके कोणते पुस्तक?

काउली 28 जुलै 1667 रोजी चर्टसी येथे वारला. पुढच्याच वर्षी लंडनचा प्रकाशक हेन्री हेरिंगमन याने हा फोलिओ काढला. हेरिंगमनचे दुकान स्ट्रँडवरच्या न्यू एक्स्चेंज या बाजारात, जहाजाच्या निळ्या नांगराचे चित्र असलेल्या पाटीखाली होते, आणि तो पत्ता शीर्षकपृष्ठावर छापलेला आहे. मुद्रकाची फक्त ‘जे. एम.’ ही आद्याक्षरे दिलेली आहेत. शीर्षकपृष्ठावरचा दावा असा की यात पूर्वी छापलेल्या रचना आहेतच, शिवाय कवीने छपाईसाठी योजून ठेवलेल्या रचनाही त्याच्या मूळ हस्तलिखितांवरून प्रथमच प्रसिद्ध केल्या आहेत.

सुरुवातीला चरित्र आणि कवीची प्रस्तावना येते. त्यानंतर संकीर्ण कविता, ‘द मिस्ट्रेस’ हा प्रेमकवितांचा संच, पिंडार या ग्रीक कवीच्या धर्तीवरची स्तोत्रे, दावीद राजावरचे ‘डेव्हिडीइस’ हे अपूर्ण महाकाव्य, प्रासंगिक कविता आणि शेवटी गद्य लेखन असा क्रम आहे. ‘डेव्हिडीइस’चे बारा सर्ग योजले होते, लिहून झाले चारच. या चार सर्गांना काउलीने स्वतःच विस्तृत टिपा जोडल्या आहेत, आणि माझ्या मते त्या टिपा कित्येकदा काव्याहून अधिक वाचनीय आहेत.

मराठी वाचकाला काळाचा अंदाज यावा म्हणून एक गोष्ट सांगतो. ज्या दुसऱ्या चार्ल्सच्या, म्हणजे पहिल्या चार्ल्सच्या मुलाच्या, गादीसाठी काउली झिजला, त्याच राजाने विवाहात पोर्तुगीजांकडून मिळालेले मुंबई बेट 27 मार्च 1668 च्या सनदेने, वर्षाला दहा पौंड भाड्यावर, ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपवले. हा ग्रंथ त्याच वर्षीचा आहे.

ग्रंथाचा संपादक कोण होता? त्याने किती फेरफार केले?

टॉमस स्प्रॅट हा संपादक. तो काउलीचा तरुण मित्र, रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेचा पहिला इतिहासकार आणि पुढे रॉचेस्टरचा बिशप झाला. काउलीने मृत्युपत्रातच आपल्या लेखनाची देखभाल त्याच्यावर सोपवली होती, आणि धर्माला किंवा सदभिरुचीला बाधा आणील असे काही राहू नये अशी इच्छाही कळवली होती. तेव्हा स्प्रॅटने चालवलेली कात्री अनधिकाराची नव्हती, हे आधी मान्य केले पाहिजे.

परंतु ती कात्री कोठे चालली, हे पाहिल्याशिवाय हा ग्रंथ कळत नाही. स्प्रॅटने मार्टिन क्लिफर्ड या समान मित्राला लिहिलेल्या पत्राच्या रूपात काउलीचे चरित्र रचले आणि ते ग्रंथाच्या आरंभी छापले. इंग्रजीत कवीचे असे सविस्तर चरित्र त्याच्याच समग्र लेखनासोबत देण्याच्या प्रथेत या लेखाचे स्थान मोठे आहे. त्यात स्प्रॅट सांगतो की काउलीची खाजगी पत्रे आपल्याजवळ आहेत, ती अतिशय सुंदर आहेत, आणि तरीही आपण ती छापणार नाही. कारण अशा पत्रांत माणसाचे मन घरच्या साध्या कपड्यांत वावरत असते. खोलीत बसलेल्या एक-दोन मित्रांनी ते त्या वेषात पाहावे, रस्त्यावर नेऊ नये. ही भूमिका थोर मनाची आहे, आणि तिच्यामुळे झालेले नुकसानही तेवढेच मोठे आहे. काउलीची फारच थोडी पत्रे आज उरली आहेत. पॅरिसहून हेन्री बेनेटला लिहिलेली काही पत्रे 1702 साली एका वेगळ्याच संग्रहात छापली गेली म्हणून वाचली, पण ती राजकीय कामकाजाची आहेत. जॉन्सनने 1779 मध्ये तक्रार केली ती याच संदर्भात: स्प्रॅटने चरित्राऐवजी गौरवपर भाषण लिहिले, आणि स्तुतीच्या धुक्यातून काहीच स्पष्ट दिसत नाही.

‘समग्र’ म्हणता, मग काउलीचे सगळे लेखन यात आहे का?

नाही. शाळकरी वयातले कवितासंग्रह यात नाहीत, नाटके नाहीत, आणि वनस्पतींवरचे लॅटिन काव्यही नाही. लॅटिन रचना त्याच वर्षी, 1668 मध्ये, स्वतंत्र पुस्तकात निघाल्या आणि स्प्रॅटने त्यासाठी चरित्र लॅटिनमध्ये दिले. ‘समग्र’ हा शब्द त्या काळी आपण आज घेतो तितक्या काटेकोर अर्थाने घेतला जात नसे. कवीने आपल्या नावावर राहावे असे ठरवलेले लेखन, असाच त्याचा अर्थ धरावा.

या निवडीमागे काउलीचा स्वतःचा ठाम विचार होता. 1656 मध्ये निघालेल्या आपल्या कवितासंग्रहाच्या प्रस्तावनेत त्याने मरणोत्तर निघणाऱ्या जाडजूड संग्रहांवर कठोर टीका केली आहे. प्रकाशक पुस्तकाची किंमत वाढवण्यासाठी लेखकाची किंमत कमी करतात, आणि दारूत भेसळ करणाऱ्या दुकानदारासारखे अधिक नफ्यासाठी अख्खे पिंप बिघडवतात, असे तो म्हणतो. शेक्सपिअर, फ्लेचर आणि जॉन्सन (म्हणजे बेन जॉन्सन) यांच्या बाबतीत हे घडले, असे त्याचे म्हणणे होते. तो परदेशात असताना ‘द आयर्न एज’ नावाचे एक काव्य त्याच्या नावावर खपवले गेले होते, ही जखमही ताजी होती. म्हणून 1668 च्या ग्रंथात काय नाही, याची यादी ही मोठ्या अंशी कवीच्याच मर्जीची यादी आहे. अपवाद आहे तो एकाच ठिकाणी, आणि तो पुढच्या प्रश्नात येतो.

1656 च्या प्रस्तावनेतला कोणता मजकूर 1668 मध्ये गाळला आहे?

हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. 1654 मध्ये काउली इंग्लंडला परतला. राजा पहिला चार्ल्स युद्धात हरून मारला गेला होता आणि पार्लमेंटच्या बाजूचा सेनापती ऑलिव्हर क्रॉमवेल याची राजवट होती. पुढच्या वर्षी दुसऱ्याच एका माणसाच्या शोधात असलेल्या अधिकाऱ्यांनी चुकून काउलीला पकडले आणि तो कोण आहे हे कळल्यावर कैदेतच ठेवले. डॉक्टर स्कारबरो याने 1000 पौंडांचा जामीन दिला तेव्हा तो बाहेर आला. या परिस्थितीत, 1656 साली, हम्फ्री मोझ्ली या प्रकाशकाने त्याच्या कवितांचा फोलिओ काढला, आणि त्याच्या प्रस्तावनेत काउलीने असे लिहिले की युद्धाच्या निकालाने आणि ईश्वराच्या अगम्य इच्छेने वादाचा निवाडा केल्यावर, आणि आपण जेत्याच्या अटी मान्य केल्यावर, शस्त्रांबरोबर लेखणीही खाली ठेवली पाहिजे. नगरे आणि किल्ले मोकळे करून दिले तसे आपल्या पक्षाच्या बाजूने उभारलेले बुद्धीचे आणि युक्तिवादाचे तटबुरूजही आपणच उतरवले पाहिजेत.

राजपक्षातल्या अनेकांना हा दगा वाटला. त्याच संग्रहातल्या सीझरला मारणाऱ्या ‘ब्रूटस’वरच्या स्तोत्रात क्रॉमवेलची स्तुती दडली आहे असाही संशय घेतला गेला. 1660 मध्ये राजा दुसरा चार्ल्स परत आला तेव्हा इतरांना पदे मिळाली, पण काउलीला ज्याची आशा दाखवली गेली होती ते लंडनच्या सॅव्हॉय या जुन्या धर्मादाय रुग्णालयाचे प्रमुखपद मिळाले नाही. त्याने क्रॉमवेलवर जळजळीत टीका करणारा गद्य लेख 1661 मध्ये छापला, राजाच्या पुनरागमनावर स्तोत्र रचले, तरी किल्मिष गेले नाही.

1668 मध्ये स्प्रॅटने प्रस्तावना पुन्हा छापली, पण हा परिच्छेद काढून टाकला. चरित्रात त्याने मित्राची बाजू मांडली: राजाच्या कामासाठी इंग्लंडमध्ये राहता यावे म्हणून सत्ताधाऱ्यांचा संशय दूर करण्याचा तो एक उपाय होता, अशा आशयाचे त्याचे स्पष्टीकरण आहे. ते खरेही असेल. परंतु मला असे वाटते की हा परिच्छेद काउलीच्या उत्कृष्ट गद्यापैकी आहे, आणि तो भेकडपणाचा दाखला नसून हरलेल्या माणसाच्या प्रामाणिकपणाचा आहे. ज्याने रात्री जागून राजाची पत्रे उलगडली त्यालाच असे लिहिण्याचा अधिकार होता. मित्राने प्रेमापोटी ते वाक्य झाकले, आणि 1668 नंतरच्या वाचकांच्या पिढ्यांना काउली अधिक निष्कलंक आणि म्हणून अधिक सपाट दिसला. ज्यांना हा कवी पूर्ण समजून घ्यायचा आहे त्यांनी 1656 आणि 1668 या दोन्ही प्रस्तावना शेजारी ठेवून वाचाव्यात.

यादवी युद्धावरचे त्याचे काव्य या ग्रंथात का नाही?

ऑक्सफर्डला असताना काउलीने चालू युद्धावरच महाकाव्य लिहायला घेतले होते. तीन सर्ग झाले. कथानक 1643 च्या न्यूबरीच्या पहिल्या लढाईपर्यंत आले, आणि त्यानंतर राजपक्षाचे दैवच फिरल्याने लेखन थांबले. 1656 च्या प्रस्तावनेत त्याने सांगितले की अशा रचना आपण छापल्या तर नाहीतच, त्यांच्या प्रतीही जाळून टाकल्या.

जाळल्या गेल्या नव्हत्या, निदान सगळ्या नाहीत. पहिला सर्ग 1679 साली छापला गेला. उरलेले सर्ग कायमचे गेले असे तीनशे वर्षे मानले जात होते. मग हर्टफर्डशरमध्ये जतन केलेल्या कौपर घराण्याच्या कागदपत्रांत हस्तलिखिते सापडली, आणि ॲलन प्रिचर्ड यांनी 1973 मध्ये संपूर्ण काव्य संपादित करून प्रसिद्ध केले. त्यामुळे 1668 चा फोलिओ हाती असलेल्या संग्राहकाजवळ काउलीचे सर्वांत उघड राजपक्षीय काव्य नसते.

माझ्याकडची प्रत 1668 चीच आहे, हे कसे ओळखावे?

प्रथम शीर्षकपृष्ठ पाहावे. हा ग्रंथ अतिशय खपला आणि 1669, 1672, 1674, 1678, 1680, 1681, 1684 अशा एकामागून एक आवृत्त्या निघाल्या. आकार, रचना आणि प्रकाशकाचे नाव यांत फरक फार थोडा असल्याने नुसत्या रूपावरून फसगत होते. पुढच्या आवृत्त्यांवर क्रमांक असतो, जसे 1674 वर चौथी आणि 1678 वर पाचवी.

शीर्षकपृष्ठच हरवले असेल किंवा दुसऱ्या प्रतीतून आणून चिकटवले असेल, तर काम अवघड होते. चिकटवलेले पान ओळखण्यासाठी त्याचा कागद शेजारच्या पानांशी ताडून पाहावा: जाडी, रंग, पाणचिन्ह (उजेडासमोर धरल्यावर कागदात दिसणारी खूण), कडांची छाटणी आणि किड्यांची भोके. किड्याने पाडलेले भोक मागच्या-पुढच्या पानांत असून मधल्याच पानात नसेल, तर ते पान बाहेरून आले आहे. पृष्ठांकांच्या बाबतीत एक सावधगिरी बाळगावी. भाग बदलला की अनेक ठिकाणी पृष्ठांक पुन्हा 1 पासून सुरू होतात, त्यामुळे ‘आकडे जुळत नाहीत, म्हणजे पाने गेली’ असा निष्कर्ष घाईने काढू नये. खरा हिशेब पानांच्या तळाशी असलेल्या अक्षरखुणांवरून करावा. त्या बांधणाऱ्याला फर्मे क्रमाने लावता यावेत म्हणून छापलेल्या असतात. तसेच प्रत्येक पानाच्या तळाशी पुढील पानाचा पहिला शब्द छापलेला आहे, तो पुढच्या पानाशी जुळतो की नाही हे तपासावे. संध्याकाळभराचे काम आहे, पण खरेदीपूर्वी ते करावेच.

फोलिओ म्हणजे फक्त मोठा आकार का?

नाही. छापलेला ताव एकदाच दुमडून दोन पाने केली की फोलिओ होतो. ताव हाताने केलेल्या साच्यावर तयार होत असल्याने कागद उजेडासमोर धरला की साच्याच्या तारांच्या रेषा दिसतात. फोलिओत त्यांपैकी अंतराअंतरावरच्या ठळक रेषा उभ्या असतात आणि पाणचिन्ह पानाच्या मध्यावर येते. ताव दोनदा दुमडून केलेल्या क्वार्टोत त्या आडव्या होतात आणि पाणचिन्ह दुमडीत जाते. फोलिओला प्रतिष्ठा होती, कारण तो धर्मग्रंथांचा, कायद्याचा आणि मान्यवर कवींचा आकार होता.

माझ्या प्रतीत कवीचे चित्र नाही. प्रत अपूर्ण समजावी का?

विल्यम फेथॉर्न याने कोरलेले काउलीचे मुखचित्र या ग्रंथाला आहे, त्यामुळे चित्राविना प्रत अपूर्णच. परंतु असे घडण्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. फेथॉर्न हा त्या काळातला इंग्लंडचा श्रेष्ठ कोरक होता, आणि 1769 मध्ये जेम्स ग्रेंजरचा इंग्रज व्यक्तिचित्रांवरचा ग्रंथ निघाल्यापासून कोरीव चित्रे जमवण्याचे वेड पसरले. जुन्या पुस्तकांतली मुखचित्रे कापून अल्बमांत किंवा दुसऱ्या ग्रंथांत लावली गेली. काउलीसारख्या सहज मिळणाऱ्या फोलिओंना याची झळ बसली. चित्र नसलेली प्रत वाचनासाठी उत्तम आहे, मात्र किमतीत ते धरले गेले पाहिजे. दुसरीकडून चित्र आणून लावलेले असल्यास विक्रेत्याने तसे सांगणे अपेक्षित असते.

दुसरा आणि तिसरा भाग काय आहेत?

दुसरा भाग 1681 साली चार्ल्स हार्पर आणि जेकब टॉन्सन यांनी काढला. त्यात काउलीचे तारुण्यातले, स्वतःच पूर्वी छापलेले लेखन आहे. म्हणजे ज्या प्रकाराला कवीने प्रस्तावनेत नावे ठेवली होती, जवळजवळ तोच त्याच्या वाट्याला आला. तिसरा भाग 1689 चा. वनस्पतींवरच्या लॅटिन काव्याच्या सहा सर्गांचे त्यात वेगवेगळ्या हातांनी केलेले इंग्रजी भाषांतर आहे. झाडांवरचा सहावा सर्ग ॲफ्रा बेन या स्त्रीलेखिकेने इंग्रजीत आणला, आणि एवढ्यासाठी तरी हा भाग मिळवावा असे मी सुचवीन. काउलीने 1657 मध्ये ऑक्सफर्डची वैद्यकाची पदवी घेतली आणि औषधी वनस्पतींचा अभ्यास करता करता त्या काव्याला हात घातला, ही त्यामागची हकीकत. पुढच्या आवृत्त्यांच्या प्रतींत हे भाग पुष्कळदा एकाच बांधणीत आढळतात.

ग्रंथ साडेतीनशे वर्षांहून जुना असूनही तुलनेने स्वस्त का मिळतो?

जुनेपणा आणि दुर्मिळता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काउलीच्या समकालीन राजपक्षीय कवींपैकी रॉबर्ट हेरिकचा संग्रह 1648 मध्ये निघाला आणि तो संपूर्ण स्वरूपात पुन्हा छापला जायला 1823 उजाडावे लागले. अशा पुस्तकाची मूळ प्रत अर्थातच झुंबड उडवणारी ठरते. काउलीचे उलट झाले. शतक संपण्याआधी त्याचा फोलिओ दहाच्या आसपास वेळा छापला गेला, घरोघरच्या ग्रंथालयांत गेला, आणि म्हणून टिकलाही. शिवाय आज हेरिकला वाचक आहेत, तितके काउलीला नाहीत. नव्याने संग्रह करू पाहणाऱ्याला मी हेच सांगेन की सतराव्या शतकातले अस्सल, इतिहासाने भारलेले पुस्तक हाताळण्याची संधी काउली देतो तशी फार थोडे कवी देतात.

एके काळी इतका मान असलेला कवी मागे का पडला?

मान किती होता याची कल्पना त्याच्या अंत्ययात्रेवरून येते. 3 ऑगस्ट 1667 रोजी त्याला वेस्टमिन्स्टर ॲबीत चॉसर आणि स्पेन्सर यांच्याजवळ पुरले. रोजनिशीकार जॉन एव्हलिनने लिहून ठेवले आहे की सरदार-मानकऱ्यांच्या सुमारे शंभर घोडागाड्या मागे होत्या. काउलीने आपल्यामागे इंग्लंडमध्ये याहून चांगला माणूस ठेवलेला नाही, असे राजा म्हणाल्याचे स्प्रॅट सांगतो. मिल्टनच्या विधवेने सांगितले होते की तिच्या पतीला सर्वाधिक आवडणारे इंग्रज कवी स्पेन्सर, शेक्सपिअर आणि काउली होते.

आणि सत्तर वर्षांत, 1737 साली, कवी अलेक्झांडर पोप विचारतो की आता काउली वाचतो कोण. बुद्धीची चमक, दूरच्या दोन गोष्टींची अनपेक्षित जुळणी, हे ज्या काळात काव्याचे मर्म मानले जात होते तो काळ सरला होता. त्याच्या प्रेमकवितांत विचार आहे, ऊब कमी आहे. प्रेमकविता लिहिणे हे कवींना मुसलमानांच्या मक्केच्या यात्रेसारखे एकदा तरी बजावावे लागणारे कर्तव्य आहे, असे त्यानेच म्हटले होते, आणि वाचताना ते जाणवते. पण पोपने पुढे असेही म्हटले की महाकाव्य आणि स्तोत्रे विसरली गेली तरी त्याच्या हृदयाची भाषा मला अजून प्रिय आहे. ही भाषा कोठे सापडते, ते शेवटच्या उत्तरात सांगितले आहे.

जुने इंग्रजी टंक वाचायला अवघड जातात का?

पहिली दहा पाने. शब्दाच्या आरंभी आणि मध्ये येणारा लांब ‘एस’ हा ‘एफ’सारखा दिसतो, विशेषनामे तिरप्या टंकात असतात, आणि शुद्धलेखनाला आजचे बंधन नाही. जुनी मराठी पुस्तके किंवा पोथ्या वाचलेल्या माणसाला याचे भय वाटण्याचे कारण नाही.

मुंबईत किंवा कोकणात अशी प्रत कशी सांभाळावी?

दिलासा देणारी गोष्ट आधी सांगतो. सतराव्या शतकातला कागद चिंध्यांच्या लगद्याचा आहे, आणि तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या लाकडी लगद्याच्या कागदापेक्षा कितीतरी चिवट असतो. 1668 चे पान आजही दुमडले तर तुटत नाही. 1890 च्या आसपासचे स्वस्त पुस्तक मात्र हातात भुगा होते. धोका आहे तो दमट हवेचा, बुरशीचा, कसरीचा आणि कातड्याच्या सांध्यांचा.

पावसाळ्यात पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवू नये, आतली ओल आतच राहते आणि बुरशी धरते. भिंतीला चिकटलेल्या कपाटात ठेवू नये. हवा खेळती असावी, ऊन थेट पडू नये. जड फोलिओ उभा ठेवल्यास पानांचा भार शिवणीवर येतो, म्हणून तो आडवा ठेवणे बरे, मात्र त्यावर दुसरी पुस्तके रचू नयेत. पुठ्ठा सुटत असेल तर चिकटपट्टी लावू नये, सुती नाडीने हलकेच बांधून ठेवावा आणि कागदसंवर्धनाचे शिक्षण घेतलेल्या माणसाकडे न्यावा. नवीन चकचकीत बांधणी करून घेण्याचा मोह टाळावा. मूळ कातडे, आतल्या कोऱ्या पानांवरची पूर्वीच्या मालकांची नावे, समासातल्या टिपा हा ग्रंथाचाच इतिहास आहे. वाचताना हात धुऊन कोरडे करावेत, पुस्तक पूर्ण सपाट उघडू नये, दोन्ही बाजूंना उशीचा आधार द्यावा.

आजच्या वाचकासाठी कोणती आवृत्ती योग्य?

ए. बी. ग्रोसार्टने 1881 मध्ये दोन खंडांत खाजगी वितरणासाठी काढलेली आवृत्ती आता स्वतःच संग्राह्य झाली आहे. वाचण्यासाठी ए. आर. वॉलरने केंब्रिजतर्फे 1905 आणि 1906 मध्ये संपादित केलेले दोन खंड सोयीचे आहेत, एकात कविता आणि दुसऱ्यात निबंध व नाटके. पाठभेदांचा काटेकोर अभ्यास करणाऱ्याने कॅल्हून, हेवर्थ आणि प्रिचर्ड यांच्या समग्र आवृत्तीचे 1989 आणि 1993 मध्ये निघालेले भाग पाहावेत. जुन्या आवृत्त्यांच्या चित्रप्रती आंतरजालावर विनामूल्य आहेत, तेव्हा मूळ फोलिओ विकत घेण्याची ऐपत नसणे हे काउली न वाचण्याचे कारण होऊ शकत नाही.

ग्रंथ हाती आला, तर वाचन कोठून सुरू करावे?

शेवटून. ग्रंथाच्या अखेरीस अकरा निबंध आहेत, स्वातंत्र्यावर, एकांतावर, अप्रसिद्ध राहण्याच्या सुखावर, शेतीवर, बागेवर. गद्य चालता चालता मध्येच कविता येते, कधी स्वतःची, कधी होरेस किंवा व्हर्जिल या रोमन कवींची भाषांतरे. हे निबंध त्याने अखेरच्या वर्षांत लिहिले. सॅव्हॉयचे पद हुकल्यावर जुन्या आश्रयदात्यांच्या मदतीने त्याला काही जमिनीचा पट्टा मिळाला. 1663 मध्ये तो बार्न एल्म्सला आणि 1665 मध्ये थेम्सकाठच्या चर्टसीला राहायला गेला. दरबार, कट, सांकेतिक लिपी, कैद हे सगळे मागे टाकून बाग लावावी, एवढीच त्याची मागणी होती. 1667 च्या उन्हाळ्यात कुरणात मजुरांबरोबर उशिरापर्यंत थांबला असताना त्याला सर्दी झाली, ती छातीत उतरली आणि त्यातच तो गेला, असे स्प्रॅट सांगतो.

त्यातला ‘स्वतःविषयी’ हा शेवटचा निबंध सर्वांत आधी वाचावा. आईच्या खोलीतले स्पेन्सरचे पुस्तक, शाळेत खेळ टाळून एकटाच शेतांत फिरणारा मुलगा, आणि तेराव्या वर्षी लिहिलेली, लहानसे घर आणि थोडी पुस्तके मागणारी कविता त्यात आहे. ती कविता त्याने जवळजवळ पन्नाशीत पुन्हा उतरवून काढली, आणि तिच्यातले मागणे तोवर बदललेले नव्हते.